शिवराई होन : एका नाण्यावरून इतिहासाचा पाठ

राज्याभिषेकाचा पाठ आपण वर्गात मोठ्या उत्साहाने शिकवितो. परंतु एखाद्या चौकस मुलाने ‘महाराजांचे राज्य तर आधीच होते, मग अभिषेक कशासाठी?’ असे विचारले, तर त्याचे समाधान करणे सोपे नसते. अशा वेळी शिवराई होन शिक्षकाच्या साहाय्यास येतो.

ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगी महाराजांनी आपल्या नावाचे सोन्याचे नाणे पाडले. तोच हा होन. वजन सुमारे पावणेतीन ग्रॅम, आकार सदऱ्याच्या गुंडीएवढा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे. मोगलांच्या रुपयावरील मजकूर फारसीत असे. येथील अक्षरे नागरी आहेत. होन हे नाणे दक्षिणेत पूर्वीपासून रूढ होते. नाणे ओळखीचे, त्यावरील नाव मात्र नवे. जहागीरदाराच्या नावाने नाणे पडत नसे. तो मान सार्वभौम राजाचा. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर या दोन शब्दपंक्तींत आहे. हीच अक्षरे तांब्याच्या शिवराईवरही उमटली व सामान्य रयतेच्या हाती पोहोचली.

तथापि केवळ नावाने नाणे चालत नाही, हेही मुलांस सांगावे. अभिषेकसमयी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडी आला होता. आपले नाणे महाराजांच्या मुलखात चालावे, असे त्याच्या मागण्यांत एक कलम होते. त्यावर उत्तर मिळाले, ते असे : कोणत्याही नाण्यास आमची मनाई नाही; परंतु ज्यात रयतेचे नुकसान होईल, असे नाणे घेण्याची सक्ती आम्ही करणार नाही; तुमचे नाणे कसास व वजनास इतरांच्या बरोबरीचे असेल, तर ते चालेल. राजाचे नाव आणि धातूचा कस, दोहोंची जोड असेल तरच नाण्यावर विश्वास बसतो.

पाठाच्या आरंभी मुलांना आजचे नाणे हाती देऊन त्यावरील चिन्ह व अक्षरे वाचावयास लावावी. मग फळ्यावर होनाच्या दोन्ही बाजू काढाव्या. १९९९ साली भारत सरकारने काढलेले, छत्रपतींची प्रतिमा असलेले २ रुपयांचे नाणे गावात कोणाकडे मिळाल्यास अवश्य दाखवावे. शेवटी ‘हे नाणे कोणाच्या नावाने आहे?’ हा प्रश्न दोन्ही नाण्यांविषयी विचारावा. एकावर राजाचे नाव, दुसऱ्यावर भारताचे, हा भेद मुले स्वतः शोधून काढतील.