मुलाखतीपूर्वी अर्जातील दोषांचे निदान व निराकरण

आयुर्वेदाच्या पदवीधरास आज स्वतंत्र व्यवसायाखेरीज नोकरीचेही अनेक मार्ग उपलब्ध आहेत. शासकीय सेवेतील वैद्यकीय अधिकारी, महाविद्यालयातील अध्यापक, रुग्णालयातील निवासी वैद्य, औषधनिर्माणशाळेतील तज्ज्ञ पर्यवेक्षक अशा पदांसाठी अर्ज केला जातो व यथावकाश मुलाखतीचे पत्र येते. अर्ज पुन्हा एकदा काळजीपूर्वक वाचण्याची वेळ बहुतेक उमेदवारांवर हे पत्र आल्यावरच येते आणि त्या वाचनात चूक सापडते. नोंदणी क्रमांकातील एक अंक बदललेला असतो, आंतरवासितेचा काळ अनुभवात धरलेला असतो, अथवा न केलेल्या कामाचा उल्लेख राहून गेलेला असतो. अशा वेळी काय करावे, याचे क्रमवार विवेचन आम्ही प्रस्तुत पाठात करीत आहोत. उमेदवारांप्रमाणेच अर्ज स्वीकारणाऱ्या औषधनिर्मात्यांनाही ते उपयोगी पडावे.

दोषांचे तीन प्रकार

निदानावाचून चिकित्सा नाही, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा आहे. अर्जात चूक आढळताच घाबरून नवा अर्ज पाठविणे किंवा कोणी विचारणार नाही असे समजून स्वस्थ बसणे, ही दोन्ही निदान न करता केलेली चिकित्साच होय. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या कर्मास प्रज्ञापराध म्हटले आहे. तेथील विषय रोगोत्पत्तीचा आहे. तथापि अर्जातील चुकांची विभागणी करण्यास हीच त्रयी सोयीची ठरते.

१. स्मृतीचा दोष : विस्मरणाने किंवा अनवधानाने झालेली चूक. जन्मदिनांकातील अंकांची अदलाबदल, गुणांच्या टक्केवारीतील दशांशाची चूक, जुना दूरध्वनी क्रमांक, एखादे प्रमाणपत्र जोडावयाचे राहणे ही त्याची उदाहरणे होत. येथे हेतू शुद्ध असतो व मूळ कागद पाहताच खरे काय ते कळते.

२. धीचा दोष : नियम किंवा संज्ञा नीट न समजल्यामुळे झालेली चूक. अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दिनांक, आंतरवासिता पूर्ण झाल्याचा दिनांक, कायम नोंदणीचा दिनांक आणि पदवीदानाचा दिनांक हे चार निरनिराळे असतात. अनुभव यांपैकी कोणत्या दिनांकापासून मोजावयाचा, हे जाहिरातीतील अटीवर अवलंबून असते. बी.ए.एम.एस.च्या साडेपाच वर्षांत एक वर्षाची आंतरवासिता अंतर्भूत आहे. पदवीनंतरचा अनुभव मागितला असता तिचा काळ त्यात धरणे, ही या वर्गातील नेहमीची चूक होय. केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेची जागा २०२१ साली भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाने घेतली, तरी अर्जात जुन्या परिषदेचा उल्लेख विद्यमान संस्था म्हणून करणे हेही याच प्रकारातील आहे.

३. धृतीचा दोष : सत्य ठाऊक असूनही मोहाने केलेली अतिशयोक्ती. आयुर्वेद वाचस्पती ही पदवी नुसती ‘एम.डी.’ अशी लिहून विषय व शास्त्र गाळणे, दहा महिन्यांचे ‘एक वर्ष’ करणे, चूर्ण व वटी विभागात काम केले असता ‘रसकल्पांच्या निर्मितीचा अनुभव’ असे लिहिणे ही त्याची रूपे होत.

एकच चूक भिन्न व्यक्तींच्या बाबतीत भिन्न प्रकारात मोडू शकते. आंतरवासितेचे वर्ष अज्ञानाने धरले असेल तर तो धीचा दोष. नियम ठाऊक असून धरले असेल तर धृतीचा. हे निदान उमेदवाराने प्रथम स्वतःशी प्रामाणिकपणे करावे.

दोषाभास

काही विसंगती दिसतात, पण त्या दोष नसतात. माध्यमिक शाळेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी व अन्य ओळखपत्रावर स्वतःचे नाव आधी असणे महाराष्ट्रात नित्याचे आहे. पुणे विद्यापीठाचे नामांतर २०१४ साली झाले. त्यापूर्वीच्या पदवीपत्रावर जुनेच नाव असणार. विवाहानंतर नाव बदललेल्या वैद्यांच्या पदवीपत्रावर माहेरचे नाव असते. तेथे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा नावबदलाची राजपत्रातील प्रसिद्धी सोबत ठेवावी. अशा बाबतीत क्षमायाचनेची आवश्यकता नाही, पुरावा पुरेसा आहे.

चिकित्सेचा काल

सुश्रुतसंहितेतील षट्क्रियाकालाचा विचार आपणा सर्वांना परिचित आहे. संचयावस्थेत अल्प उपायाने शमणारा दोष भेदावस्थेत कष्टसाध्य होतो. अर्जातील चुकीचेही तसेच आहे. उमेदवाराने मुलाखतीपूर्वी आपण होऊन कळविलेली चूक ‘दुरुस्ती’ ठरते. समितीने मूळ कागदपत्रांच्या छाननीत पकडलेली तीच चूक ‘लपवाछपवी’ ठरते. आणि नियुक्तीनंतर उघड झाल्यास तीच सेवासमाप्तीचे कारण होऊ शकते. चूक तीच, केवळ काळ बदलला. म्हणून चूक सापडल्याच्या दिवशीच शुद्धिपत्र लिहावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

शुद्धिपत्र कसे लिहावे

पत्र एका पानाहून मोठे नसावे. त्यात चारच गोष्टी असाव्यात : अर्जाचा संदर्भ, चुकीची नोंद, योग्य नोंद आणि तिचा पुरावा. नमुना असा :

‘आपल्या दि. ___ च्या जाहिरातीस अनुसरून मी ___ या पदासाठी दि. ___ रोजी अर्ज सादर केला आहे. सदर अर्जातील अनुभवाच्या रकान्यात एकूण अनुभव ___ असा नमूद झाला आहे. त्यात आंतरवासितेचा एक वर्षाचा काळ समाविष्ट आहे. तो वगळता पदवीनंतरचा अनुभव ___ इतका आहे. संबंधित प्रमाणपत्राची स्वयंप्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. कृपया ही दुरुस्ती अभिलेखात घ्यावी.’

प्रकृती बरी नव्हती, संगणक चालविणाऱ्याने चूक केली, अशी कारणे पत्रात घालू नयेत. दुसऱ्यावर ठपका ठेवल्याने चूक लहान होत नाही. उलट पुढे रुग्णपत्रक किंवा निर्मितीची नोंदवही चुकली तर हा उमेदवार काय करील, याची चुणूक त्यातून मिळते. पत्राची पोच घ्यावी. जुना अर्ज परत मागू नये आणि मुलाखतीच्या दिवशी निराळा परिचयपत्र न सांगता पुढे करू नये. दोन निरनिराळ्या प्रती समितीसमोर येणे हे मूळ चुकीहून अधिक घातक आहे.

शासकीय भरतीत बहुधा अर्जातील दाव्यांनुसारच पात्रता तपासली जाते व अंतिम दिनांकानंतर फेरफार करण्यावर मर्यादा असतात. तेथे जाहिरातीतील दुरुस्तीविषयक तरतूद अक्षरशः वाचावी आणि विहित मार्गानेच कळवावे. दुरुस्तीमुळे पात्रताच जात असेल तर तेही स्वीकारावे लागते. अपात्र असताना मिळविलेले पद टिकत नाही.

धृतीच्या दोषास केवळ लेखनिक चुकीचे रूप देऊ नये. ‘सदर उल्लेख अचूक नसून मी तो मागे घेत आहे’ हे सरळ वाक्य पुरेसे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, पडताळणी अर्जातील फौजदारी प्रकरणांची माहिती दडविण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. उमेदवाराने दिलेली माहिती सत्य असली पाहिजे. क्षुल्लक प्रकरणातील अनुल्लेखाकडे नियोक्ता तारतम्याने दुर्लक्ष करू शकतो. मात्र सत्य सांगितल्यानंतरही पूर्वेतिहासाचा विचार करण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो. हा निर्णय फौजदारी माहितीपुरता असला, तरी त्यातील तारतम्य येथेही बोध घेण्यासारखे आहे. सत्यकथनाने नोकरीची हमी मिळत नाही. विश्वासाचा पाया मात्र शाबूत राहतो.

मुलाखतीच्या दिवशी

शुद्धिपत्राची पोच व मूळ कागदपत्रे जुळवून न्यावीत. प्रश्न निघाल्यास दोन वाक्यांत उत्तर द्यावे : काय चुकले आणि ते केव्हा कळविले. त्यानंतर विषय लांबवू नये. लहानशा अक्षरदोषासाठी मुलाखतीच्या आरंभीच दीर्घ क्षमायाचना करणे हा चिकित्सेचा अतियोग आहे. पात्रतेशी निगडित दोषावर मौन बाळगणे हा हीनयोग होय.

औषधनिर्मात्यांसाठी

आयुर्वेदीय औषधनिर्मिती सक्षम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावी आणि असा किमान एक तज्ज्ञ पूर्णवेळ सेवेत असावा, हे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १५७ चे तत्त्व आहे. आयुर्वेदाची पदवी नसलेल्या रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधरासाठी त्यात आयुर्वेदीय औषधनिर्मितीतील किमान दोन वर्षांचा अनुभव सांगितला आहे. अशा वेळी ‘एक वर्ष दहा महिने’ आणि ‘दोन वर्षे’ यांतील अंतर केवळ कागदी राहत नाही. परवान्याच्या अटीशी ते जोडलेले असते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न औषधाच्या गुणवत्तेचा आहे. रसकल्पांचा अनुभव असल्याचे वाचून आपण एखाद्याच्या हाती पारदाचे किंवा वत्सनाभाचे शोधन सोपविले आणि त्याने ते पूर्वी कधीच केलेले नसेल, तर अर्जातील एका ओळीचे मोल अखेर रुग्णाला द्यावे लागते. यास्तव मुलाखतीत कोणते कल्प, किती प्रमाणात, कोणत्या उपकरणांवर व कोणाच्या देखरेखीखाली केले हे अवश्य विचारावे. मूळ नोंदणीपत्र पाहावे आणि पूर्वीच्या आस्थापनेकडे, उमेदवारास सांगून, चौकशी करावी.

मात्र आपण होऊन शुद्धिपत्र पाठविणाऱ्यास केवळ त्या कारणाने बाद करू नये. तसे केल्यास पुढील उमेदवार एवढेच शिकतील की न बोलणेच हिताचे. ज्याने अर्जातील चूक वेळेत कळविली, तो उद्या भावनाद्रव्य कमी पडल्याचे किंवा पुटाचा अग्नी चुकल्याचेही वेळेत कळवील, अशी आशा धरण्यास जागा असते.

दाखला देणाऱ्यांचे कर्तव्य

अर्जातील अनेक दोषांचे मूळ उमेदवाराच्या लेखणीत नसून त्याला मिळालेल्या दाखल्यात असते. ओळखीखातर महिने वाढवून दिलेले, किंवा ‘सर्व विभागांत काम केले’ असे मोघम शब्दांत दिलेले अनुभवपत्र त्या तरुण वैद्यास मदत करीत नाही. ते त्याच्या हाती न पेलणारी जबाबदारी देते. दाखल्यात रुजू होण्याचा व सेवा सोडण्याचा दिनांक, पूर्णवेळ की अंशकालीन, आणि प्रत्यक्ष केलेले काम एवढे स्पष्ट लिहावे. त्याची स्थळप्रत दप्तरी ठेवावी. माजी सहकाऱ्याने दुरुस्त दाखला मागितल्यास तो विनाविलंब द्यावा, कारण त्याच्या मुलाखतीचा दिवस आपल्या सवडीसाठी थांबत नाही.

सारांश

अर्ज पाठविण्यापूर्वी मूळ कागदांशी ताडून पाहणे हे निदानपरिवर्जन सर्वांत श्रेष्ठ. तरीही चूक राहिल्यास तिचा प्रकार ओळखावा, पात्रतेवर तिचा परिणाम होतो का ते पाहावे, त्याच दिवशी पुराव्यासह लेखी कळवावे, पोच जपावी आणि मुलाखतीत थोडक्यात बोलावे. रुग्ण आपला इतिहास खरा सांगेल या विश्वासावर वैद्याची चिकित्सा उभी असते. वैद्याने स्वतःचा इतिहास सांगतानाही तोच नियम पाळावा.