पुरावा : कागदाचा आणि यंत्राचा

सातबारा, खरेदीखत, पावती, अंगठा ही पुराव्याची रूपे माझ्या निरक्षर आजोबांनाही ठाऊक होती. परंतु चोरीच मोबाईलमधून झाली तर पुरावा कशाला म्हणावे, हा प्रश्न गेल्या वर्षी मला घरातच पडला. प्रस्तुत लेख त्यातूनच लिहिला आहे.

माझे वडील तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार आहेत. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजी कागद असो वा बिघडलेला मोबाईल, सारे माझ्याकडे येते. कोपरखैरण्याच्या माझ्या आत्याला 'वीजबिल थकले आहे, आज रात्री जोडणी तोडू' असा मेसेज आला. सोबतची फाईल तिने उघडली आणि थोड्याच वेळात खात्यातले १८ हजार रुपये गेले. मोबाईलमध्ये व्हायरस शिरला, एवढे मला समजले. म्हणून मी मोठ्या शहाणपणाने तो पुसून अगदी कोरा करून दिला. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात हवालदारांनी शांतपणे विचारले, "मेसेज दाखवा. ती फाईल कुठे आहे?" आत्याने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

त्यानंतर मी या विषयाचे वाचन सुरू केले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली अमलात आला, तेव्हाच १८७२ च्या पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम घालण्यात आले. संगणकातील नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची, तर ती कोणत्या यंत्रातून व कशी काढली याचे प्रमाणपत्र जोडावे, असे ते सांगते.

या कलमाचा कस लागला तो आपल्याच महाराष्ट्रातील एका खटल्यात. तो सायबर गुन्ह्याचा नव्हे, निवडणुकीचा होता. पण पुराव्याचा प्रश्न तोच. २०१४ साली जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर रोजी दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणाच्या सीडी न्यायालयापुढे आल्या. मात्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नव्हते. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम केला, परंतु प्रतीसाठी प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असे स्पष्ट केले. मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात आणून साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. तसेच मागूनही कोणी प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालय ते देण्याचा आदेश देऊ शकते. सामान्य माणसाच्या दृष्टीने हा केवढा आधार आहे!

१ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग असतात : एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाईलचे 'हॅश मूल्य' लिहावे लागते. हॅश म्हणजे काय? बाजारात गोणीचे तोंड शिवून त्यावर मोहर लावली, की मधे कुणी गोणी उघडल्यास ते लगेच कळते. हॅश ही फाईलची तशीच मोहर होय. फाईलमधील सर्व माहितीवर गणिती प्रक्रिया करून आकडे व अक्षरे यांची एक ओळ तयार होते. शा-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. फाईलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सगळी ओळ बदलते. म्हणूनच तपासनीस मूळ हार्डडिस्कवर काम करीत नाहीत. तिची हुबेहूब प्रत काढतात, दोहोंचे हॅश जुळवतात आणि प्रतीवरच तपास करतात.

मित्रहो, एवढी काळजी पोलीस घेतात ती पुरावा त्यांच्या हाती आल्यानंतर. त्याआधी तो आपल्याच हाती असतो. फसवणूक झाली की प्रथम १९३० या क्रमांकावर कळवावे. वेळीच कळवल्यास पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता असते. मोबाईलचे इंटरनेट बंद करावे. मेसेज, फाईल, नंबर यांतील काही पुसू नये. स्क्रीनशॉट जरूर काढावा, पण मूळ मेसेज जपावा. बँकेचा उतारा घ्यावा.

आत्याची तक्रार अखेर बँकेच्या उताऱ्यावरच नोंदवली गेली. पैसे अजून मिळालेले नाहीत. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. उलट परवा म्हणाली, "तू शिकलेला, तुला ठाऊक असेल, म्हणून आले होते रे." माझ्यासारखी घरातली पहिलीच शिकलेली मुले या कॉलेजात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडेही असेच कोणी तरी विश्वासाने मोबाईल घेऊन येईल. त्यांनी तो पुसू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.