गुलबक्षी लावणाऱ्यांसाठी

१. आधी ऊन, मग बाकी सगळं. आमची रांग दक्षिणेच्या कुंपणालगत आहे. तिथं झाडं भरगच्च, डेरेदार होतात. त्यांचंच बी घराच्या सावलीत पडून रुजलं की लेचीपेची उंच वाढतात आणि फुलं मोजकीच धरतात. पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा निवडा.

२. बी मृगाच्या पावसावर लावा. आदल्या रात्री भिजत घालून अर्ध्या पेराएवढं खोल टोचलं की पुरे. खताचा मारा नको, नुसतं पानच माजतं.

३. वरचं झाड वाळलं म्हणजे गुलबक्षी गेली, असं समजू नका. पाणी तुटलं की ती उन्हाळ्यात पार काड्या होते. घरी येणारे माळीदादा दरवर्षी विचारतात, “ताई, उपटून टाकू?” मी नको म्हणते. काड्या जमिनीलगत कापायच्या आणि जागा तशीच सोडायची. तिचा सगळा जीव खालच्या जाड मुळात असतो. पाणी आणि अन्न साठवून ते वर्षानुवर्षं पोसत जातं आणि पाऊस पडला की त्यालाच नवे धुमारे फुटतात. जुन्या मुळाचं झाड बियांच्या रोपापेक्षा लवकर आणि जोमानं उभं राहतं. या मुळाला दुष्काळ चालतो, तुंबलेलं पाणी मात्र चालत नाही, ते सडतं. काळी माती असेल तर वाफा वीतभर उंच करा, त्यात वाळू आणि विटांचा चुरा मिसळा.

४. हवा तोच रंग पाहिजे असेल तर बी नको, मूळ मागून आणा. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं शुद्ध लाल आणि शुद्ध पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत गुलाबी फुलं आली. त्या गुलाबीच्या बियांतून पुन्हा लाल, गुलाबी, पांढरी अशी तिन्ही निघतात. मला स्वतःला ही सरमिसळ फार आवडते. एकाच फुलावर पिवळे-लाल शिंतोडे आले की आजूबाजूच्या सगळ्यांना बोलावून दाखवते.

५. झाड संध्याकाळी वावरतो तिथं लावा. फुलं चारनंतर उमलतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटतात. अंधार पडल्यावर लांब सोंडेचे पतंग मधासाठी येतात. सकाळीच बाग बघणाऱ्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही.

६. मिऱ्यासारखं दिसणारं काळं बी आणि मूळ, दोन्ही विषारी. पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. घरात लहान मूल असेल तर बी रोज वेचा. आपोआप उगवणारी रोपंही त्यानं आवाक्यात राहतात.

७. वेणी करायची तर फुलं उमलल्या उमलल्या खुडा. दोरा लागत नाही, लांब देठासारख्या नळ्याच एकमेकींत गुंफायच्या. म्हणून खुडताना नळी अखंड राहील असं बघा.