उत्तर ज्याचे त्याने शोधावे

'कोचिंग' हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर खाजगी शिकवणीचे वर्ग उभे राहतात. व्यक्तिविकास आणि उद्योग या क्षेत्रांत मात्र या शब्दाला निराळा अर्थ आहे. हंगेरीतील कोच या गावी बनणाऱ्या घोडागाडीवरून 'कोच' हा शब्द आला. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षा पार करून देणाऱ्या शिक्षकाला तेच नाव दिले. गाडी प्रवाशाला मुक्कामी नेते. मुक्काम कोणता, हे मात्र प्रवासीच ठरवतो. कोचिंगचे पहिले तत्त्व हेच आहे.

टिमथी गॉलवे अमेरिकेत टेनिस शिकवत. सूचना वाढल्या की खेळाडू अधिकच अवघडतो, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणून चेंडू जमिनीवर आपटताच 'टप्पा' आणि रॅकेटला लागताच 'फटका' असे म्हणायला ते सांगत. लक्ष चेंडूवर खिळले की स्वतःला दोष देणारा मनातील आवाज शांत होई आणि हात सहज वळू लागे. हे विचार त्यांनी 1974 साली 'द इनर गेम ऑफ टेनिस' या पुस्तकात मांडले. मोटारशर्यतींत नाव कमावलेले ब्रिटनचे सर जॉन व्हिटमोर यांनी ते उद्योगक्षेत्रात नेले. त्यांच्या 1992 सालच्या 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' या पुस्तकामुळे ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार हे संवादाचे चार टप्पे सर्वत्र रूढ झाले.

समजा, एका दुकानदाराची उधारी वाढत चालली आहे. सल्लागार म्हणेल, "उधारी बंद करा." कोच विचारील, "उधार देताना तुमच्या मनात काय येते?" गिऱ्हाईक तुटण्याची भीती आपल्याला गप्प बसवते आणि पैसे केव्हा परत मिळतील हे आपण कधी विचारतच नाही, असे दुकानदाराला उमगते. मग मर्यादा आणि मुदत तो स्वतःच ठरवतो. निर्णय त्याचा असल्यामुळे तो पाळण्याची जबाबदारीही त्याचीच ठरते.

असा संवाद विश्वासावाचून घडत नाही. कोचने न टोकता ऐकावे आणि ऐकलेले गुप्त राखावे. शुल्क कंपनी भरत असेल, तर तिला काय कळवायचे आणि काय नाही, हे तिघांनी आधीच ठरवून घ्यावे. या पद्धतीला मर्यादाही आहेत. यंत्र चालवण्याची माहितीच नसलेल्या कामगाराला प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याला ते शिकवलेच पाहिजे. मानसिक आजाराची लक्षणे दिसल्यास त्या व्यक्तीला तज्ज्ञाकडे जाण्यास सुचवावे.

कोचची खरी कसोटी लागते ती मनात उत्तर तयार असताना थांबण्यात. दुसऱ्याने दिलेले उत्तर चुकले, तर माणूस देणाऱ्याला बोल लावतो; स्वतः शोधलेले चुकले, तर तो पुन्हा शोधू लागतो.