पित्त नव्हतं ते

आपल्याकडे एखाद्याचं पोट दुखायला लागलं की निदान आधी घरात होतं, दवाखान्यात नंतर. सासूबाईंच्या मते माझे नळ फुगले होते. शेजारच्या मावशींना खात्री होती की बेंबी सरकली आहे. त्यांनी वाटी लावायची तयारीही केली होती. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, पित्त. पुढे एका मोठ्या दवाखान्यात आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) असं लिहून मिळालं, वर ‘टेन्शन कमी करा’ हा सल्ला. प्रत्यक्षात निघाला आतड्याचा टीबी. कळेपर्यंत वर्ष सरत आलं होतं.

दुखणं कसं होतं ते नीट सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. जेवून तास-दीड तास झाला की बेंबीच्या खाली, उजवीकडे, मुरडा पडायचा. पोटात गडगड व्हायची. मग एक गोळा वर यायचा. हात ठेवला तर हाताला लागायचा, सरकायचा, आणि वारा सरला की पोट एकदम मोकळं. ओटी धुऊन पुसावी तसं. भूक लागायची, पण जेवायची भीती वाटायची. वजन उतरत होतं आणि ऑफिसातल्या बायका विचारत होत्या, कुठलं डाएट करतेयस?

यातलं काहीही कुणी मला विचारलं नाही. प्रश्न एकच असायचा, ‘जळजळतं का?’ कधीमधी जळजळायचंही, मी हो म्हणायची, आणि पित्ताच्या गोळ्यांची नवी पट्टी हातात पडायची. सोनोग्राफीत आतड्यालगतच्या गाठी जरा वाढलेल्या दिसल्या. ‘असतात अशा’ म्हणून तो कागद बाजूला पडला. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास, शरीरातल्या सुजेची खूण असलेला ईएसआर वाढलेला. त्यावर ऐकलं, ‘बायकांचं रक्त कमीच असतं.’ हे वाक्य ज्या कुणी प्रचारात आणलं, त्याने किती बायकांचे आजार लांबवले असतील कोण जाणे. रक्त कमी असेल तर ते कुठे जातंय किंवा का बनत नाही, हे शोधायलाच हवं. ‘कमीच असतं’ हे उत्तर नव्हे.

मध्येच कुणीतरी टीबीची शंका काढली होती. छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला, आणि शंका तिथेच मिटली. पोटाचा टीबी असलेल्या कित्येकांची फुप्फुसं ठणठणीत असतात, हे मला फार उशिरा कळलं.

आणखी एक गोष्ट, जी औषधाच्या दुकानात उभं राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. पोट बिघडलं की आपल्याकडे ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोलची जोडगोळी सर्रास दिली जाते, बरेचदा चिठ्ठीशिवाय. मलाही ती अनेकदा मिळाली, आणि दर वेळी थोडे दिवस बरं वाटायचं. नावाच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ असलेली ही औषधं टीबीच्या जंतूंनाही थोडंफार दाबतात. बरा करत नाहीत, पण खुणा पुसट करतात. तपासणीआधी अशी गोळी घेतली असेल तर डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

ज्यांच्याकडे निदान झालं, त्या पोटविकारतज्ज्ञ बाईंनी माझी जाडजूड फाइल आधी उघडलीच नाही. म्हणाल्या, ‘एका बोटाने दाखवा. कधी दुखतं? झोपेतून जाग येते का? आवाज येतो का?’ गोळा सरकतो हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. आतड्याची वाट कुठेतरी अरुंद झाली की मागचं आतडं जोर लावतं. तोच तो गोळा आणि तीच ती गडगड. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तो सांधा उजवीकडे खाली असतो, आणि पोटातल्या टीबीची ही आवडती जागा. सीटी स्कॅनमध्ये तिथेच सूज दिसली, कोलोनोस्कोपीत व्रण.

इथे खरा पेच असतो. असेच व्रण क्रोन्स नावाच्या आजारातही असतात, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या मुळावर येणारे. क्रोन्ससाठी स्टेरॉइड द्यावं आणि असावा टीबी, तर तो भडकतो. म्हणून कोलोनोस्कोपीत व्रणातून काढलेल्या तुकड्यांची तपासणी, म्हणजे बायोप्सी, नीट व्हावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तुकडे फॉर्मेलिनच्या बाटलीत जातात. जंतू वाढवून पाहायचे असतील तर ते तुकडे सलाइनमध्ये ठेवावे लागतात, फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. बाईंनी दोन्ही बाटल्या तयार ठेवल्या होत्या. टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी सीबीनॅट चाचणी माझी निगेटिव्ह आली. पोटाच्या टीबीत ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते, त्यावर विसंबून टीबी नाही असं म्हणता येत नाही. खात्री पटली ती सूक्ष्मदर्शकाखालच्या खुणांवरून.

उपचार सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने चार औषधं, मग तीन. सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात, आणि नोंद झालेल्या रुग्णाला पोषणासाठी दरमहा 1000 रुपयांप्रमाणे पैसे बँकेत येतात. नोव्हेंबर 2024 पूर्वी 500 होते. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेतले तरी नोंद होते, नव्हे व्हावीच लागते; 2012 पासून तसा नियमच आहे. या औषधांनी लघवी केशरी होते, घाबरू नका. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर धुरकट झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नातेवाइकांपैकी काहींनी माझं ताट-वाटी वेगळं काढलं. नुसत्या आतड्याचा टीबी खोकल्यातून पसरत नाही, हे त्यांना डॉक्टरांनीच समजावलं.

पोटदुखीचं प्रत्येक कोडं टीबी नसतं, आणि आयबीएसही खोटा आजार नाही. पण दुखण्याने रात्री जाग येत असेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण वाटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रक्त कमी असेल, तर ‘टेन्शन’वर गप्प बसू नका. पोट फुगून वारा सरणंही बंद झालं आणि उलट्या लागल्या, तर सकाळची वाट पाहू नका. पाळी चुकलेली असताना पोटात कळा आल्या तरीही तेच.

दवाखान्यात जाताना ‘मला पित्त होतं’ असं सांगू नका. कुठे, केव्हा, जेवणाच्या आधी की नंतर, कशाने थांबतं, हे वहीत लिहून न्या. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही न्या. आणि तुकडा न तपासता कुणी टीबीची औषधं किंवा स्टेरॉइड सुरू करू लागलं, तर एवढं नक्की विचारा: ‘डॉक्टर, आधी बायोप्सी करता येईल का?’