एका गुडघ्यावरची शर्यत

कसाऱ्याकडे जाणारी आगगाडी आसनगाव सोडून पुढे निघाली, की डावीकडे माहुलीचे सुळके दिसू लागतात. या डोंगराच्या पलीकडे तानसेचा जलाशय आहे. 1892 साली त्याचे बांधकाम पुरे झाले. पुढे वैतरणेवर मोडकसागर झाला, त्यानंतर भातसा नदीवर मोठे धरण उभे राहिले. तिकडे मुरबाडच्या बाजूस बारवीचे पाणी अडवलेले आहे. मुंबईची तहान भागवणाऱ्या पाण्याचा फार मोठा वाटा एकट्या शहापूर तालुक्यातून जातो. आणि याच तालुक्याच्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या विहिरीची वाट चालत असतात. भातसेच्या विस्तीर्ण पाण्यावर सकाळच्या वेळी एखादे मासेमारीचे होडके संथपणे सरकताना दिसते. ते पाहिले, म्हणजे आपण ज्या शर्यतीविषयी वाचणार आहोत तिची कल्पना करणे सोपे जाते.

ही शर्यत एकट्या वल्हेकरणीची असते. अंतर अवघे 200 मीटर. सरोवरावर दोऱ्या व तरंगत्या खुणा लावून नऊ मार्ग आखलेले असतात व प्रत्येक मार्ग नऊ मीटर रुंद असतो. नौकेचे नाव कॅनू. झाडाचे खोड कोरून किंवा सालीचे पापुद्रे शिवून अमेरिकेतील मूळ रहिवासी ज्या होड्या करीत, त्यांच्याच वंशातली ही होडी. आपल्या कोकणातील कोरीव डोणीचीही ती दूरची बहीण म्हणता येईल. हिची धाकटी भावंडे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कयाक नावाच्या नौकेत खेळाडू पाय लांब करून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे डावी-उजवीकडे आळीपाळीने मारतो. कॅनूची रीत निराळी. येथे खेळाडू एक गुडघा टेकतो, दुसरा पाय पुढे रोवतो आणि एकाच पात्याचे वल्हे आरंभापासून अखेरपर्यंत एकाच बाजूने चालवतो. नौका पाच मीटर वीस सेंटीमीटरांपेक्षा लांब असता कामा नये, आणि तिला सुकाणू नसते.

सुकाणू नाही, म्हणजे काय अडचण होते ती पाहा. डाव्या बाजूने वल्हे मारले, की होडीचे तोंड उजवीकडे वळू लागते. प्रत्येक फटक्यानिशी ते थोडेथोडे वळतच राहणार. मग होडी सरळ जाते ती कशी? फटक्याच्या अखेरीस खेळाडू मनगट किंचित फिरवते व पाते पाण्यात बाहेरच्या अंगास ढकलते. त्यामुळे वळू पाहणारे तोंड पुन्हा मार्गावर येते. परंतु या दुरुस्तीत वेग खर्ची पडतो. दुरुस्ती कमी केली तर नौका शेजारच्या मार्गाकडे झुकते, जास्त केली तर मागे पडते. शिवाय नौका इतकी अरुंद असते, की नवशिका माणूस तीत गुडघा टेकताक्षणीच पाण्यात पडतो. पडण्यात काही लाज नाही; या खेळातील सगळ्यांचेच शिक्षण पडण्यापासून सुरू होते.

1936 साली बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत या दोन्ही नौकांच्या शर्यती प्रथम अधिकृतपणे झाल्या. त्या पुरुषांसाठी होत्या. 1948 साली लंडनला स्त्रियांना कयाकची एक शर्यत मिळाली व डेन्मार्कची कारेन हॉफ ती जिंकली. कॅनू मात्र त्यांना पुढे कित्येक दशके मिळाली नाही. कारण विचारले तर सांगत, की एका गुडघ्यावर वाकून, एकाच बाजूस जोर देऊन स्त्रीच्या देहास अपाय होईल, तिच्या मातृत्वास बाध येईल. या म्हणण्यास शास्त्राचा आधार नव्हता. मुरबाडच्या डोंगरवाटेने दोन भरलेले हंडे डोक्यावर व एक कमरेवर घेऊन चढणारी बाई ज्याने पाहिली आहे, त्याला तर हा युक्तिवाद ऐकून हसूच येईल. त्या तीन हंड्यांचे ओझे शर्यतीच्या होडीपेक्षा खचित जास्त भरते, आणि कमरेवरचा हंडाही नेहमी एकाच बाजूस असतो! पण नियम करणाऱ्यांनी अशी वाट पाहिलेली नव्हती.

अमेरिकेतील पॅम बोटेलर हिच्यासारख्या स्त्रियांनी या अन्यायाविरुद्ध वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, सभा घेतल्या, नियमांवर बोट ठेवले. अखेर 2010 साली पोलंडमधील पोझनान येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांची एकेरी कॅनूची 200 मीटरांची शर्यत ठेवण्यात आली. ती कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील लॉरेन्स व्हिन्सेंट लापॉइंट हिने जिंकली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्यानंतर 2018 पर्यंत तिने हीच शर्यत आणखी पाच वेळा जिंकली. जगातील सर्वांत वेगवान वल्हेकरीण म्हणून तिचे नाव झाले. पण तिच्या शर्यतीला ऑलिंपिकमध्ये अजून जागाच नव्हती. ज्या विषयात आपण पहिले यावे, तो विषयच परीक्षेत नसावा, असा तो प्रकार होता.

टोकियोच्या सामन्यांत ही शर्यत घेण्याचे ठरले, आणि नेमक्या त्याच सुमारास लॉरेन्सवर संकट कोसळले. 2019 साली तिच्या तपासणीत एका निषिद्ध द्रव्याचा अत्यल्प अंश आढळला. तिला तात्पुरती बंदी झाली व त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेला ती मुकली. ते द्रव्य तिने जाणूनबुजून घेतले नव्हते, दुसऱ्या व्यक्तीच्या संसर्गातून ते तिच्या शरीरात गेले, हे 2020 च्या जानेवारीत मान्य झाले आणि ती दोषमुक्त ठरली. गेलेले महिने मात्र परत आले नाहीत.

ती नसताना हंगेरीतील सेगेड येथे 2019 ची शर्यत जिंकली ती सतरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलीने. तिचे नाव नेव्हिन हॅरिसन. सिअॅटल शहरातील ग्रीन लेक नावाच्या तळ्यावर ती वल्हवायला शिकली. खरे पाहता तिला धावपटू व्हायचे होते. परंतु कमरेच्या सांध्याची ठेवण जन्मतःच सदोष असल्याचे किशोरवयात ध्यानात आले आणि धावणे सुटले. धावण्याच्या वेळी जो सांधा तिला दगा देई, तोच घेऊन ती गुडघ्यावर बसली. एवढ्या कोवळ्या वयात एक वाट बंद झाल्यावर दुसरी धरणे किती कठीण असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

महामारीमुळे टोकियोचे सामने वर्षभर लांबले. 5 ऑगस्ट 2021 रोजी या शर्यतीची अंतिम फेरी झाली. बर्लिनपासून मोजले तर मध्ये पंचाऐंशी वर्षे गेली होती. हॅरिसन पहिली आली. तिला सेहेचाळीस सेकंदांहून थोडा कमी वेळ लागला. लॉरेन्स दुसरी, युक्रेनची ल्युडमिला लुझान तिसरी. ज्या शर्यतीला लॉरेन्सने आपल्या तारुण्याची वर्षे दिली, तिचे पहिले सुवर्णपदक दुसरीच्या गळ्यात पडले. दोन दिवसांनी कॅनडाच्याच केटी व्हिन्सेंट हिच्याबरोबर दुहेरी शर्यतीत तिने कांस्यपदकही मिळवले.

ही केटी पुढे 2024 साली पॅरिसजवळच्या शर्यतीत एकेरीसाठी उतरली. शेजारच्या मार्गांवर हॅरिसनसह सात नौका. 200 मीटर संपताना केटीची व हॅरिसनची नौका डोळ्यांना एकाच रेषेवर दिसत होती. केटीची वेळ 44.12 सेकंद निघाली, हॅरिसनची 44.13. या वेगाने जाणारी होडी सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे साडेचार सेंटीमीटर पुढे सरते. म्हणजे दोघींमधील अंतर तीन बोटांच्या रुंदीपेक्षा फार मोठे नव्हते. क्युबाची यारिस्लेइदिस सिरिलो तिसरी आली.

आपल्या देशातही ही नौका चालवणाऱ्या मुली आहेत. मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्याच्या कावेरी ढीमर हिचा जन्म मच्छीमाराच्या घरातला. लहानपणी ती बहिणींसह धरणाच्या पाण्यात मासेमारी करीत असे. तेथून ती भोपाळच्या जलक्रीडा अकादमीत गेली व कॅनूच्या राष्ट्रीय स्पर्धांत तिने सुवर्णपदके मिळवली.

शहापूर-मुरबाडकडील विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी वडीलधाऱ्यांबरोबर जलाशयाच्या काठी जावे. पाण्यात उतरू नये. धरणाचे पाणी खोल व फसवे असते. काठावरच दोरीने 200 मीटर मोजावे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेहमीच्या चालीने चालत जावे. अडीच मिनिटे तरी सहज लागतील. मग त्याच रेषेत पाण्याकडे पाहून घड्याळाचे चवेचाळीस सेकंद मनाशी मोजावे.