लसीची पुढची मात्रा का चुकवू नये?

रोगजंतूंचा प्रतिकार रक्तातील पांढऱ्या पेशी करतात. त्यांपैकी बी-पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. प्रत्येक बी-पेशीवर एकाच विशिष्ट आकाराचे ग्राहक असतात. जंतूचा अंश ज्या पेशीच्या ग्राहकाशी जुळतो, तीच पेशी टी-पेशींच्या साहाय्याने झपाट्याने विभागू लागते. तिच्यापासून झालेल्या काही पेशी प्रतिपिंडे निर्माण करून रक्तात सोडतात. काही स्मृतिपेशी म्हणून दीर्घकाळ टिकतात.

प्रथमच होणाऱ्या या क्रियेस आठवडा-दोन आठवडे लागतात. घटसर्प व धनुर्वाताचे विष तेवढी सवड देईलच असे नाही. म्हणून तेच विष निरुपद्रवी करून लसीतून आधी दिले जाते. पहिल्या मात्रेने मिळणारी प्रतिपिंडे थोडी असतात व लवकर ओसरतात. पुढील मात्रेच्या वेळी स्मृतिपेशी त्वरित कार्यरत होऊन अधिक प्रभावी प्रतिपिंडे विपुल प्रमाणात देतात. यास्तव बालकास ६, १० व १४ आठवड्यांचे असता लस, तसेच १६ ते २४ महिन्यांत व ५ ते ६ वर्षांचे असता वर्धक मात्रा देतात.

धनुर्वात माणसापासून माणसास होत नाही. त्यामुळे इतरांनी लस घेतली म्हणून न घेतलेले मूल सुरक्षित ठरत नाही. मात्रा राहून गेलेली बालके शोधून त्यांना आरोग्य केंद्रात पोहोचविणे, हे शिक्षक व पंचायत सदस्य यांना सहज साधण्याजोगे कार्य आहे.